सूत्रकृमीचे ऋण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी आमच्या एका आत्याबाईंकडे आम्ही चार दिवस राहावयास गेलो होतो. आत्याबाईंचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. ज्वारीची भाकरी करावी तर त्यांनीच, अशी त्यांची साऱ्या भावकीत ख्याती. काठवटीत पीठ घेतले की पाणी किती लागेल हे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागत नसे. ते त्यांच्या बोटांना कळे. परंतु त्या खेपेस भाकरी थापता थापता काठाला चिरू लागली, मधोमध फाटू लागली. दोन उंडे मोडून झाल्यावर आत्याबाई चिडून म्हणाल्या, "या पिठाची विरीच गेली रे बाबा. दळून किती दिवस झाले कुणास ठाऊक!" वहिनींनी त्याच पिठाचा उंडा घेऊन भाकरी थापली. ती अखंड उतरली आणि तव्यावर टम्म फुगली. घरात क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग कोणीतरी हसले. आणि सांगावयास लाज वाटते, त्या हसण्यात आमचाही आवाज होता.

पुढे दोन-तीन महिन्यांनी तव्याचा चटका बसून त्यांच्या बोटास फोड आला, आणि तो फोड दिसेपर्यंत भाजल्याचे त्यांस कळलेही नाही, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, बोटांच्या टोकांपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंची शक्ती उतरत चालली आहे. म्हणजे विरी गेली होती ती बोटांची. बाईंनी पिठास दोष दिला, आम्ही बाईंच्या स्वभावास दिला. आणि खरा प्रकार दोघांच्याही गावी नव्हता.

या प्रसंगापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. म्हातारपणी माणसाची जी उणीव दिसते, तीस आपण हेकटपणा म्हणतो, विसरभोळेपणा म्हणतो, क्वचित 'बुद्धी फिरली' असेही म्हणतो. यात स्वभावाचा भाग किती आणि मज्जातंतूंचा किती? हे शोधून काढावयाचे तर कोठे तरी कोणाच्या तरी मज्जापेशींना म्हातारे होताना पाहिले पाहिजे. सध्या ज्या प्राण्याच्या ठायी हे सर्वांत बारकाईने पाहिले जाते, तो आहे एक मिलिमीटर लांबीचा एक कृमी. तेव्हा पहिल्या प्रश्नाच्या पोटातून दुसरा निघतो: आपले वार्धक्य समजावे म्हणून दुसऱ्या जीवाचे सबंध आयुष्य खर्ची घालण्याचा आपणांस अधिकार काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा यथामति विचार करण्याचे योजिले आहे.

सूत्रकृमी म्हटले की आमच्या भागातील शेतकऱ्यास डाळिंबाच्या वा टोमॅटोच्या मुळांवरील गाठी आठवतात आणि गृहिणीस मुलांच्या पोटातील जंत. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत तो याच विस्तृत कुळातला. परंतु तो पिकास वा मनुष्यास उपद्रव देत नाही. कुजत्या फळापानांत राहावे आणि तेथील सूक्ष्म जंतू खावेत, एवढाच त्याचा संसार. शास्त्रज्ञ त्यास सिनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स म्हणतात. त्यातील एलिगन्स या शब्दाचा अर्थ डौलदार. अल्जियर्स येथे राहणाऱ्या एमिल मोपा या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर यांनी मज्जासंस्थेचा अभ्यास करण्यासाठी एखादा अगदी साधा प्राणी हाती धरावा, अशी कल्पना मांडली, आणि अखेरीस त्यांची निवड या कृमीवर स्थिरावली.

निवडीची कारणे पाहिली म्हणजे तिचे मर्म कळते. हा कृमी काचेसारखा पारदर्शक असतो. त्यामुळे त्यास न चिरता सूक्ष्मदर्शकाखाली आतील पेशी पाहता येतात. अंड्यातून निघून प्रौढ होण्यास त्यास तीन-चार दिवस लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे बाळपण, तारुण्य व जरा ही सर्व आटोपतात. मनुष्याचे म्हातारपण अभ्यासणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य त्या अभ्यासास पुरत नाही. कृमीचे म्हातारपण महिनाभरात आदीपासून अंतापर्यंत पाहून होते. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत असा अंदाज आहे; या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात त्या मोजून ३०२ असतात. त्या प्रत्येकीस नाव आहे, आणि कोणती कोणाशी जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. या एका कृमीवरील कामास २००२, २००६ आणि २०२४ या साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यास आपण पायदळी आल्याचेही जाणत नाही, त्याने विद्येस एवढे द्यावे, हे पाहून मन थक्क होते.

आमच्या आत्याबाईंच्या प्रसंगाशी या कृमीचा संबंध अधिकच जवळचा आहे. त्या ३०२ पेशींपैकी सहा पेशींचे काम हलका स्पर्श ओळखणे हे होय. मार्टिन चाल्फी यांनी या सहा पेशींच्या अभ्यासात अनेक वर्षे घालविली. एका प्रकारच्या जेलीफिशमधील हिरवे चमकणारे प्रथिन त्यांनी १९९४ मध्ये कृमीच्या याच स्पर्शपेशींत आणून दाखविले. तेव्हापासून जिवंत कृमीची एकेक पेशी अंधारात दिव्याच्या वातीसारखी दिसू लागली. (२००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता, तो या प्रथिनाच्या कामाबद्दल.) स्पर्शाची परीक्षा मात्र अजूनही फार साधी आहे. काडीच्या टोकास भुवईचा एक केस चिकटवावयाचा आणि त्याने कृमीच्या अंगास हलकेच स्पर्श करावयाचा. तो मागे सरला तर स्पर्श कळला. जागीच राहिला तर कळला नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटी मारून कोणते मडके कच्चे व कोणते पक्के हे ठरविल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. प्रयोगशाळेतील केसाची ही थापटीही तशीच. मात्र येथे पक्केपणा पाहावयाचा नसून जीर्णपणा पाहावयाचा असतो.

आता या परीक्षेतून काय निष्पन्न झाले ते पाहू. सामान्य समज असा की, म्हातारपणी मज्जापेशी एकामागून एक मरतात आणि म्हणून बुद्धी व इंद्रिये क्षीण होतात. २००२ मध्ये अमेरिकेतील मोनिका ड्रिस्कॉल व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, म्हाताऱ्या कृमीचे स्नायू पार विरलेले असतानाही त्याच्या मज्जापेशी पुष्कळशा शाबूत असतात. पुढे २०११-१२ च्या सुमारास अधिक बारकाईने पाहिल्यावर असे आढळले की, पेशी जागच्या जागी असतात, परंतु त्यांचे सरळ तंतू वेडेवाकडे होतात, त्यांस नको तेथे नव्या फांद्या फुटतात, आणि एका पेशीने दुसरीस निरोप द्यावयाच्या जागा ढासळू लागतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर असे दाखविले की, कृमीची हालचाल मंदावते तेव्हा अगोदर उणे पडते ते स्नायूस निरोप देणाऱ्या मज्जापेशींचे काम. स्नायूची शक्ती त्यानंतर पुष्कळ काळाने उतरते. निरोप देण्याच्या त्या क्रियेस औषधाने चालना दिली असता म्हातारे कृमी पुन्हा अधिक हालचाल करू लागले. मनुष्याच्या नेहमीच्या म्हातारपणीही मेंदूतील पेशींची मोठी कत्तल होत नाही, बिघाड मुख्यतः त्यांच्या परस्परसंबंधांत होतो, असेच आज मानले जाते. पेशींचा मोठा नाश होतो तो अल्झायमरसारख्या रोगांत.

हेच काम आपल्याकडेही चालते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका व त्यांचे सहकारी या कृमीच्या मज्जातंतूंतून मालाची वाहतूक कशी होते याचा अभ्यास करतात. पेशीच्या मुख्य भागात तयार झालेला माल लांबच्या टोकापर्यंत पोचवावा लागतो. तो वाटेत विवक्षित ठिकाणी दाटून राहतो आणि निरोगी तंतूतही अशी कोंडी होते, हे त्यांनी २०१८ मध्ये दाखविले. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय व त्यांचे सहकारी यांनी तुटलेला मज्जातंतू पुन्हा कसा जुळतो हे पाहिले. आणि पोहण्याचा व्यायाम घडविलेल्या कृमींत ही जुळणी अधिक चांगली होते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. व्यायामाचे महत्त्व सांगण्यास कृमी कशास हवा, असे कोणी विनोदाने म्हणेल. परंतु 'व्यायाम करा' हा उपदेश निराळा आणि व्यायामाने पेशीच्या आत कोणते चाक फिरते याचे ज्ञान निराळे.

या सर्व शोधांत एक गोष्ट आम्हांस नीतीच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. एका मातेपासून झालेले हे कृमी वंशाने जवळजवळ एकसारखे असतात. त्यांस एकाच बशीत, एकाच उष्णतामानात, एकाच अन्नावर वाढवितात. तरी एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांपैकी एक निपचित पडलेला आणि दुसरा अद्याप सळसळत असलेला, असे नित्य दिसते. वंश तोच, परिस्थिती तीच, वार्धक्य मात्र भिन्न. मधला फरक निव्वळ यदृच्छेचा. आपल्याकडे मात्र म्हातारपणाचा हिशेब मांडण्याची मोठी हौस. शेजारच्या आजोबांची स्मृती नव्वदीतही तल्लख असली की आपण त्यांच्या नियमित आचरणाचे गोडवे गातो, आणि दुसऱ्या कोणास घरचा पत्ता आठवेनासा झाला की, 'काही पूर्वीचे असेल,' असे हलक्या आवाजात बोलतो. आचरणाचा परिणाम मुळीच नाही असे आमचे म्हणणे नव्हे. परंतु ज्यास करावयास पुण्य नाही आणि भोगावयास पाप नाही, अशा कृमीच्या ठायीही वार्धक्य इतके असमान वाटले जाते, हे एकदा पाहिल्यावर दुसऱ्याच्या म्हातारपणाचा न्यायनिवाडा करण्यास जीभ धजू नये.

कोणी आक्षेप घेईल की, कोठे मनुष्य आणि कोठे कृमी! आक्षेप अगदीच खोटा नाही. कृमीस आठवणींची शिदोरी नाही, नातवंडे नाहीत. भाकरी फाटली म्हणून त्यास अपमान वाटत नाही. आत्याबाईंच्या बोटांचे जे झाले तेच कृमीच्या स्पर्शपेशींचे होते असेही म्हणता येणार नाही. परंतु पेशीची यंत्रणा पुष्कळ अंशी समान आहे. कृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढविणारा जो एक जननिक बदल सिंथिया केन्यन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातील जनुक मनुष्याच्या शरीरात इन्सुलिनचा निरोप स्वीकारणाऱ्या जनुकाच्या कुळातलेच निघाले. साम्य आहे म्हणूनच या अभ्यासाचा उपयोग होतो. आणि येथेच दुसरा प्रश्न आपल्यापुढे उभा ठाकतो: साम्य आहे म्हणून त्याच्यापासून शिकावे आणि भेद आहे म्हणून त्यास मारावे, हे दोन्ही एकाच श्वासात कसे म्हणावे?

या प्रश्नाचे गांभीर्य ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने आमच्याच जिल्ह्यातील कुंथलगिरी या जैन तीर्थक्षेत्राचे स्मरण करावे. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी तेथे सल्लेखना व्रत घेऊन १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेविला. त्यांचे वय त्र्याऐंशी होते आणि दृष्टी मंदावली होती. जैन मुनीने वाटेतील जीवजंतू पाहूनच पाऊल टाकावे, असा नियम आहे. डोळे क्षीण झाले म्हणजे तो नियम पाळणे अशक्य होते, आणि मग अहिंसेस बाध येणार. सल्लेखनेच्या युक्तायुक्ततेचा विचार येथे कर्तव्य नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, इंद्रिये म्हातारी झाली असता पायाखाली एखादा कृमी सापडेल म्हणून देहाची आसक्ती सोडणारा पुरुष आमच्या मुलुखात होऊन गेला. आणि आज इंद्रिये म्हातारी होऊ नयेत म्हणून हजारो कृमी काचेच्या बशांत वाढविले व मारले जातात. या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते मिटविता येत नाही, आणि मिटविण्याचा प्रयत्नही करू नये.

जैन शास्त्रकारांनी जीवांची गणना इंद्रियांवरून केली आहे आणि कृमीस द्वींद्रिय म्हटले आहे: त्यास स्पर्श आहे आणि रुची आहे. अर्वाचीन शास्त्र यात भर घालते. या कृमीस डोळे नसतानाही प्रकाश टोचतो. त्यास गंध कळतो. ज्या जंतूंनी एकदा पीडा दिली त्यांचा वास तो पुढे टाळतो. म्हणजे जसजसे ज्ञान वाढत जाते, तसतसा 'तो तर केवळ कृमी' हा आपला बचाव लंगडा पडत जातो. आणि गंमत अशी की, हा बचाव लंगडा पाडणारे ज्ञान त्याच प्रयोगशाळांतून आले आहे.

शेतकऱ्याच्या नांगराखालीही असंख्य कृमी मरतात, मग शास्त्रज्ञालाच दोष का, असे विचारले जाईल. परंतु शेतकऱ्याचा हेतू नांगरण्याचा असतो. कृमीचे मरण त्याच्या मनात नसते. शास्त्रज्ञ कृमीस हेतुपुरस्सर जन्मास घालतो, त्याची जरा मोजतो आणि त्याचा अंत नोंदवितो. जैन विचारात उद्योगातून घडणारी हिंसा आणि संकल्पपूर्वक केलेली हिंसा यांत भेद केला आहे. प्रामाणिकपणे पाहिले तर प्रयोगशाळेतील हिंसा दुसऱ्या प्रकाराच्याच जवळ जाते. तरीही ती सर्वथा त्याज्य, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. ज्याच्या घरात वृद्ध माता स्वतःच्या मुलास 'आपण कोण?' असे विचारते, त्यास अशा अभ्यासाचा त्याग करा असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?

आमच्या मते या पेचातून सुटण्याचा मार्ग 'अधिकार' या शब्दात नाही. 'ऋण' या शब्दात आहे. अधिकाराने घेतलेली वस्तू घेतल्याबरोबर आपली होते. ऋण म्हणून घेतलेली वस्तू फेडीपर्यंत दुसऱ्याची असते. आपल्या पूर्वजांनी गृहस्थाच्या नित्यकर्मांत भूतयज्ञ सांगितला, त्याच्या मुळाशी हीच जाणीव असावी. ऋण म्हटले म्हणजे काही बंधने आपोआप येतात. पहिले असे की, जेवढे लागेल तेवढेच घ्यावे. निष्काळजीपणाने केलेला प्रयोग, खोटी टिपणे, नावासाठी केलेली निरर्थक पुनरावृत्ती, हा त्या जीवांचा आयुष्य घेऊन वर केलेला अपमान होय. दुसरे असे की, मागणे योग्य असावे. केवळ वर्षे वाढविणे हे ध्येय ठरले तर कृमीच आपणांस सावध करतो. दीर्घायुषी केलेले कृमी वाढलेल्या आयुष्याचा मोठा भाग दुर्बल स्थितीत कंठतात, असा निष्कर्ष २०१५ मध्ये काही संशोधकांनी काढला. त्यावर इतरांनी आक्षेपही घेतले आहेत. वाद कसाही मिटो, त्यातून निघालेला प्रश्न आपलाच आहे: आपणांस अधिक दिवस हवे आहेत, की असलेल्या दिवसांत स्पर्श, स्मृती आणि माणसे ओळखण्याची शक्ती हवी आहे? कृमीच्या नावावर चिरतारुण्याच्या गोळ्या विकणारे पहिल्या इच्छेस हात घालतात. ऋणाची फेड मात्र दुसऱ्या इच्छेकडे पाहिल्यानेच होईल.

तिसरे बंधन आम्हां सामान्य गृहस्थांवर आहे, आणि आम्हांस तेच सर्वांत जड वाटते. प्रयोग करणारे थोडे, परंतु त्या ज्ञानाचे धनी आपण सारेच. म्हाताऱ्या जीवाच्या पेशी मेलेल्या नसतात, निरोप पोचत नसतो, हे जर आपणांस कळले, तर घरातील म्हाताऱ्या माणसाशी आपले वागणे बदलावयास नको काय? निरोप पोचत नसेल तर तो हळू, पुन्हा आणि जवळ जाऊन सांगावा. तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली गेली तर चौथ्यांदा उत्तर द्यावे. हे करावयास नोबेल पारितोषिक लागत नाही. आणि हे जर आपण करणार नसू, तर त्या काचेच्या बशीतील सारी मरणे आपल्या खात्यावर व्यर्थ जमा झाली, असेच म्हणावे लागेल.

वाचकहो, आत्याबाई आज हयात नाहीत. तो फोड बरा झाल्यावर वहिनींनी घरात एक नवी रीत पाडली. पिठात पाणी घालणे आणि तवा उतरणे वहिनींकडे, भाकरी थापणे आत्याबाईंकडे. भाकऱ्या काठाला थोड्या जाड होत. परंतु त्या मोडत नसत. आम्ही पुढे एकदा गेलो, तेव्हा धीर करून त्या दिवशीच्या हसण्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, मलाच कळलं नव्हतं, तर तुला कुठून कळणार?" आणि मग उठून, रोजच्या नेमाप्रमाणे, चिमूटभर पीठ मुंग्यांना घालण्यासाठी अंगणात गेल्या. त्यांच्या बोटांतून चिमटीतले निम्मे पीठ वाटेतच सांडले. त्यांस ते कळले नाही. मुंग्यांना मात्र कळले असावे, कारण थोड्याच वेळात उंबऱ्यापासून अंगणापर्यंत त्यांची रांग लागली होती.